दाव्याचा कागद

६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली. रतन तलाव भागातल्या गुरुद्वाऱ्यावर हल्ला झाला आणि मग शहरभर हिंदूंच्या घरांची लूट सुरू झाली. फाळणीला तेव्हा पाच महिने होत आले होते. पंजाब आणि बंगालसारखी सिंधची चिरफाड झाली नव्हती, अख्खा प्रांत पाकिस्तानात गेला होता. कराची, हैदराबाद, सक्खर, शिकारपूर या शहरांतले पुष्कळ हिंदू तोवर ‘थांबावे की निघावे’ या घालमेलीत होते. त्या दिवसानंतर ही घालमेल संपली. कोणी रेल्वेने जोधपूरच्या बाजूला उतरले, कोणी ओखा-वेरावळला. ज्यांना कराचीच्या धक्क्यावरून बोट मिळाली ते मुंबईला आले.

मुंबई त्यांना अगदी परकी नव्हती. १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. व्यापाऱ्यांच्या पेढ्या इथे होत्या, वकिलांची हायकोर्टात ये-जा होती. पण पेढी असणारे थोडे आणि बोटीतून ट्रंक-गाठोडे घेऊन उतरणारे हजारो. एवढ्या माणसांना मुंबईत ठेवायचे कुठे, या प्रश्नाचे उत्तर सरकारला कल्याणच्या पुढे, उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या मधल्या माळावर सापडले. दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्कराचा मोठा तळ उभारला होता. युद्ध संपले, फौजा गेल्या आणि दोन हजारांहून अधिक बराकी ओस पडल्या. रेल्वे जवळ होती, रस्ते आखलेले होते, डोक्यावर छप्पर होते. ‘कल्याण कॅम्प’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तळावर लाखभर सिंधी निर्वासित आले.

आज हवामानबदलामुळे उठवल्या जाणाऱ्या वस्त्यांबद्दल बोलताना आपण बहुधा पॅसिफिकमधल्या बेटांची उदाहरणे देतो. फिजीतले वुनिदोगोलोआ हे गाव समुद्रामुळे २०१४ मध्ये दोनेक किलोमीटर आत हलवावे लागले. पनामातल्या गार्दी सुगदुब बेटावरची सुमारे तीनशे कुटुंबे २०२४ मध्ये मुख्य भूमीवर आली. ही उदाहरणे महत्त्वाची आहेतच. पण कोसळलेल्या संसारांचे लोंढे कुठे बसवायचे आणि कसे, याचा याहून कितीतरी मोठा अनुभव आपल्या लोकलच्या मार्गावर आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात गेल्या ऐंशी वर्षांत युद्धाने उठवलेली माणसे आहेत, फाळणीने आणलेली आहेत, धरणाने हुसकावलेली आहेत आणि आता पुराने दर पावसाळ्यात घराबाहेर काढलेलीही आहेत. कोणाच्या वाट्याला न्याय आला आणि कोणाच्या नाही, हे शेजारी शेजारी ठेवून पाहायला याहून योग्य जागा मला माहीत नाही.

आधी बराकी पाहू. लष्करी बराक म्हणजे मधोमध लांबलचक हॉल आणि दोन्ही टोकांना खोल्या. जिथे सैनिकांच्या खाटा रांगेने लागायच्या त्या हॉलमध्ये आता कुटुंबांच्या रांगा लागल्या. दोन कुटुंबांच्या मध्ये भिंत नव्हतीच. गोणपाट, चादर, बायकांची जुनी लुगडी टांगून आडोसा केलेला. नळ सामाईक, संडास सामाईक. हैदराबादेत माडीच्या घरात राहिलेल्या बायकांना पाण्याच्या रांगेत उभे राहावे लागले. पहिल्या पावसाळ्यात गळणारी छपरे, चिखल आणि आजारपण यांनी किती हाल केले असतील याची कल्पना करता येते. हे सगळे माणुसकीचे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल.

तरीही या कॅम्पात काही गोष्टी अशा घडल्या, ज्या नंतरच्या कित्येक पुनर्वसनांत घडल्या नाहीत. पहिली म्हणजे माणसे एकत्र राहिली. एका गावचे, एका बिरादरीचे लोक शक्यतो जवळजवळ बसले. त्यामुळे उधारी देणारा ओळखीचा, लग्न जमवणारा ओळखीचा, पोराला दुकानात ठेवून घेणारा ओळखीचा. सिंधी माणसाचा टिकाणा म्हणजे देऊळ, त्याचा झुलेलालचा उत्सव, चाळीस दिवसांचा चालिहा, हे सगळे बराकींच्या मधल्या मोकळ्या जागेत पुन्हा उभे राहिले. दुसरी गोष्ट रेल्वेची. विठ्ठलवाडी आणि शहाड स्थानकांवरून मुंबई गाठता येत होती. बायकांनी घरात लाटलेले पापड, घातलेली लोणची, पोरांच्या हातातल्या गोळ्या-मिठाईच्या पिशव्या लोकलच्या डब्यांतून विकल्या गेल्या. फुकट शिधा फार दिवस चालणार नाही हे सरकारने लवकरच स्पष्ट केले होते. त्या सक्तीत कठोरपणा होता. बाजारपेठ तासा-दीड तासावर असल्यामुळेच लोक तिच्यातून तरले. हेच छावणीतले लोक रेल्वेपासून तीस मैलांवरच्या एखाद्या माळावर नेऊन टाकले असते, तर उल्हासनगर नावाचे शहर झाले नसते.

८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी इथे नव्या वसाहतीची कोनशिला बसवली आणि नदीच्या नावावरून तिचे उल्हासनगर झाले. लोकांच्या तोंडी मात्र कॅम्प राहिला तो राहिलाच. एक ते पाच नंबरचे कॅम्प आजही पत्त्यात लिहिले जातात. अशीच छावणी पुण्याजवळ पिंपरीला होती, मुंबईत चेंबूर, मुलुंड आणि शीव-कोळीवाड्याला होती. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची कथा तर विलक्षण आहे. तिथे १९४३ पासून युद्धात बेघर झालेले पोलिश निर्वासित राहत होते. पाच हजारांच्या आसपास बायका-मुले कोल्हापूरच्या माळावर पोलिश शाळा आणि चर्च चालवत होती. ते गेले आणि त्याच घरांत सिंधी आले. आजचे गांधीनगर ते हेच.

या सगळ्यात सर्वांत मोलाचे काय घडले असेल, तर ते बराकीत घडले नाही, दिल्लीत घडले. १९५० मध्ये निर्वासितांच्या दाव्यांची पडताळणी करणारा कायदा झाला आणि १९५४ मध्ये नुकसानभरपाई व पुनर्वसनाचा. सिंधमध्ये घर, दुकान, जमीन सोडून आलेल्या माणसाने दावा दाखल करायचा. अधिकारी तो तपासणार. मंजूर झालेल्या रकमेच्या बदल्यात त्याला इथे घर, गाळा, जमीन किंवा रोख मिळणार. मोठ्या दाव्याला भरपाईचे प्रमाण कमी आणि लहान दाव्याला जास्त. ज्याचा दावाच नव्हता, त्याला राहती सरकारी जागा हप्त्याने विकत घेण्याची वाट होती. छावणीच्या भाषेत या सगळ्याला ‘क्लेम’ म्हणत, आणि क्लेमचा कागद घराघरात ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवलेला असे.

या कायद्याचे दोष उघड आहेत. सिंधमध्ये ज्याच्या नावावर काही नव्हते, जो कूळ होता, हमाल होता, दुसऱ्याच्या दुकानात नोकर होता, त्याला क्लेम नव्हता. कागद मागे राहिलेल्यांनी वर्षानुवर्षे खेटे घातले. पण तत्त्व केवढे मोठे होते पाहा. सरकार निर्वासिताला सांगत होते की तू जे गमावलेस ते आम्ही मोजू आणि त्याच्या बदल्यात तुला काही देणे लागतो. मदत आणि देणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मदत थांबवता येते, घोषणेनंतर विसरता येते. देणे असेल तर माणूस कागद घेऊन अधिकाऱ्याच्या टेबलासमोर उभा राहू शकतो आणि नकार मिळाला तर अपील करू शकतो. माझ्या मते उल्हासनगरच्या यशाचे गमक सिंधी माणसाच्या व्यापारी रक्तात शोधणे हे अर्धवट उत्तर आहे. कष्ट आणि हिकमत त्यांच्याकडे होतीच. पण आपण नागरिक आहोत आणि आपला दावा आहे, या जाणिवेने कष्टाला जमीन मिळाली. १९६० मध्ये नगरपालिका झाली, पाठोपाठ तलरेजा कॉलेज आले, हैदराबादहून आलेल्या शिक्षणसंस्थेचे चांदीबाई कॉलेज आले, पुढे फर्निचर, कापड, जीन्स यांच्या बाजारपेठा देशभर गाजल्या.

याच शहराची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण आज पुनर्वसनाची घरे बांधणाऱ्यांना तिचाच उपयोग अधिक आहे. कच्छमध्ये गांधीधाम वसवताना भाई प्रताप दयालदास यांनी सिंधू रिसेटलमेंट कॉर्पोरेशन काढले, कच्छच्या महारावांनी पंधरा हजार एकर जमीन दिली आणि शहर आधी कागदावर आखले गेले. उल्हासनगरला असा आराखडा सुरुवातीला लाभला नाही. तेरा चौरस किलोमीटरच्या मर्यादेत छावणी होती तिथेच शहर वाढले, आणि २०११ च्या जनगणनेत त्याची वस्ती पाच लाखांच्या वर गेली. बराकीच्या खोलीला सनद मिळाली तरी तिच्या भोवतालची जागा कोणाची, हा गुंता दशकानुदशके सुटला नाही. कुटुंब वाढले की बराकीवर मजला चढला, बराक पाडून इमारत झाली, आणि परवानगी मिळण्याची सोय नसल्यामुळे ती बेकायदा ठरली. उच्च न्यायालयाने शेकडो इमारती पाडण्याचा आदेश दिल्यावर २००६ मध्ये राज्य सरकारला केवळ या एका शहरातली बांधकामे नियमित करण्यासाठी खास कायदा करावा लागला. पुढे मे २०२१ मध्ये नव्वदच्या दशकात बांधलेल्या दोन इमारतींचे स्लॅब पंधरवड्याच्या आत कोसळले आणि माणसे दगावली. मग धोकादायक ठरवलेल्या इमारतींतल्या कुटुंबांना घरे रिकामी करण्याच्या नोटिसा गेल्या. कराचीहून आलेल्यांची तिसरी पिढी पुन्हा सामान बांधू लागली.

आता त्याच माळाच्या दक्षिणेला, मलंगगडाच्या वाटेवरच्या नेवाळीला जाऊ. ज्या युद्धासाठी कल्याण कॅम्प उभा राहिला त्याच युद्धासाठी १९४२ च्या सुमारास इथल्या आगरी-कुणबी शेतकऱ्यांच्या जमिनी विमानांच्या धावपट्टीसाठी घेतल्या गेल्या. क्षेत्र साडेसोळाशे एकरांच्या घरात. युद्ध संपल्यावर जमीन परत मिळेल असे शेतकरी धरून चालले होते. जमीन मिळाली नाही, पण बरीच कुटुंबे ती कसत राहिली. २०१७ मध्ये नौदलाने भिंत बांधायला घेतली आणि २२ जून रोजी लोक रस्त्यावर उतरले. दगडफेक झाली, गाड्या जळाल्या, पोलिसांनी छर्रे झाडले. जाळपोळीचे समर्थन कोणी करणार नाही. पण विचार करा, एकाच युद्धाच्या सावलीतली ही दोन टोके काही मैलांच्या अंतरावर आहेत. परदेशी झालेल्या मातीवरच्या घराचा दावा दिल्लीने मोजला आणि इथल्याच मातीवरच्या शेताचा दावा पंचाहत्तर वर्षे लोंबकळत राहिला.

बारवीची गोष्ट याहून अधिक शिकवणारी आहे. बारवी ही उल्हासची उपनदी. बदलापूरजवळ तिच्यावर एमआयडीसीने १९७२ मध्ये धरण पुरे केले, कारखान्यांसाठी आणि वाढत्या शहरांसाठी. अंबरनाथचे रासायनिक कारखाने, उल्हासनगरचे नळ, पुढे ठाणे आणि मीरा-भाईंदरपर्यंतच्या वस्त्या या पाण्यावर जगतात. पाण्याची गरज वाढली तशी धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढवली गेली, आणि प्रत्येक टप्प्याला पाण्याची रेघ मुरबाड तालुक्यातल्या आणखी काही घरांच्या उंबऱ्याशी आली. तोंडली, काचकोली, मोहघर, मानिवली, कोळेवडखळ, सुकाळवाडी ही त्यातली नावे. ठाकूर, कातकरी, कुणबी अशी ही माणसे. एकदाच उठवले तर माणूस एकदाच रडतो आणि कामाला लागतो. इथे चाळीस वर्षे ‘पुढच्या टप्प्यात तुमचा नंबर’ अशी टांगती तलवार होती. अशा गावात कोणी पक्के घर बांधत नाही, सरकार रस्ता करत नाही, शाळेची इमारत दुरुस्त होत नाही.

शेवटच्या उंचीच्या वेळी प्रकल्पग्रस्त अडून बसले. आधी पुनर्वसन, मग पाणी. त्यांच्या लढ्यातून जे ठरले ते महाराष्ट्रातल्या पुनर्वसनाच्या इतिहासात वेगळे काढून लिहिण्यासारखे आहे. विस्थापित कुटुंबातल्या एकाला नोकरी द्यायची आणि ती एमआयडीसीबरोबरच, हे पाणी पिणाऱ्या महापालिका-नगरपालिकांनी वाटून घ्यायची. म्हणजे ज्याच्या नळाला पाणी येते त्याने ज्याचे शेत बुडाले त्याला पगारपत्रकावर घ्यायचे. वाढीव पातळीपर्यंत धरण २०१९ च्या पावसाळ्यात भरले. नोकरीची पत्रे मिळायला त्यानंतरही खेटे घालावे लागले, आणि एका नोकरीने अख्ख्या वाडीचे जंगल, गायरान, देवस्थान परत येत नाही. पण लाभ घेणारा आणि गमावणारा यांना एका हिशोबात आणणारी अशी दुसरी तजवीज मला फारशी आठवत नाही.

याच २०१९ च्या जुलैत उल्हासने आपले काम दाखवले. २६ जुलैच्या रात्री निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली. सुमारे हजार प्रवासी, चारी बाजूंना पाणी. २७ जुलैला एनडीआरएफ, नौदल आणि हवाईदलाने सर्वांना सुखरूप काढले. चामटोलीच्या गावकऱ्यांनी आधीच धाव घेतली होती. दूरचित्रवाणीवर देशाने ही सुटका पाहिली. त्याच पाण्यात बदलापूरच्या नदीकाठच्या सोसायट्या आणि चाळी बुडाल्या होत्या, आणि त्याआधी २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा, वालधुनी आणि उल्हास या दोन्ही नद्यांनी बदलापूरपासून कल्याणपर्यंत घरेच्या घरे धुऊन नेली होती. बदलापूरला नदीची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोक्याची १७.५० मीटर. अलीकडच्या वर्षांत हे आकडे तिथल्या लोकांना पाठ झाले आहेत.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात अतिवृष्टीच्या मोठ्या घटना तिपटीने वाढल्या. सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातले माळीण दरडीखाली गेले, १५१ माणसे गेली. २२ जुलै २०२१ ला महाडजवळ तळीये. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीवर डोंगर आला. तीन दिवसांत तिथे पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला होता. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले. दरडप्रवण गावांच्या यादीत ही ठाकर वाडी नव्हती. वाचलेल्यांनी चौक गावाजवळ कंटेनरच्या खोल्यांत दिवस काढले आणि पुढे सिडकोने त्यांना घरे बांधून दिली. घरे मिळाली याचे समाधान आहे. पण ती मिळायला आधी दरड कोसळावी लागली.

आधीच हलवलेल्यांचे काय होते, याचे उत्तर ओडिशात आहे. केंद्रपाडा जिल्ह्यातल्या सातभायाची गावे समुद्राने एकेक करून गिळली. उरलेल्या ५७१ कुटुंबांना २०१८ मध्ये बागपाटिया इथे वसवले. पंचुबाराही देवीच्या मूर्तीही तिकडे नेल्या. घरापुरती जागा मिळाली, शेत मिळाले नाही. समुद्र मागे राहिला आणि मासेमारीही. तरुण केरळात मजुरीला जातात. उल्हासनगरात बराकी वाईट होत्या आणि बाजार जवळ होता. इथे घर पक्के आहे आणि काम शेकडो कोस दूर.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर आजची स्थिती अशी आहे. धरण, महामार्ग, विमानतळ यांसाठी जमीन गेली तर २०१३ चा भूसंपादन आणि पुनर्वसनाचा कायदा आहे. घर, भरपाई, रोजगाराच्या पर्यायांची त्यात यादीच दिलेली आहे. पूर किंवा दरडीने उठवले तर २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे, आणि त्याचा भर निवारा, अन्न, पाणी, औषध आणि अनुदान यांवर आहे. पंधराव्या वित्त आयोगाने पहिल्यांदा, नदी आणि समुद्राच्या धुपीने विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी २०२१ ते २०२६ या काळाकरता एक हजार कोटी रुपये वेगळे ठेवले. दरडीखालची वाडी आणि दर दोन वर्षांनी बुडणारी नदीकाठची वस्ती त्यात बसत नाही.

वालधुनीच्या काठावर, उल्हासनगर आणि अंबरनाथच्या हद्दीत, हजारो कुटुंबे राहतात. त्यांतली बहुतेक कामासाठी आलेली, भाड्याने किंवा बेकायदा जागेत. पाटबंधारे खात्याने निळी आणि लाल पूररेषा आखल्या की बिल्डर आपल्या प्लॉटसाठी आक्षेप नोंदवतात. त्या रेषेच्या आत झोपडी असणाऱ्याला मात्र हरकत नोंदवण्याइतकाही कागद नसतो. पूररेषा आखली जाते तेव्हाच तिच्या आत राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची नोंद व्हायला हवी, मालक असो वा भाडेकरू, आणि त्या नोंदीला १९५४ च्या दाव्याचे वजन हवे. वाडी हलवायची तर आख्खी हलवावी, कुठे जायचे हे वाडीने ठरवावे, कामाची जागा लोकलच्या किंवा एसटीच्या टप्प्यात असावी, घराचा कागद बाई आणि पुरुष या दोघांच्या नावावर पहिल्याच दिवशी हातात पडावा. आणि खर्चाचा वाटा बारवीसारखा ठरावा. नदीपात्र अरुंद करून ज्यांनी मजले चढवले आणि ज्या नगरपालिकांनी त्याचा कर घेतला, त्यांच्या ताळेबंदात तो दिसावा. यातले एकही कलम नवे नाही. प्रत्येक कलम उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तीन शहरांच्या आसपास कोणासाठी ना कोणासाठी एकदा अमलात आले आहे, किंवा न आल्यामुळे काय झाले ते आपण पाहिले आहे.